मोडले देऊळ, टिकली गावकी
(गोमंतकातील देवांच्या स्थलांतराची हकीकत)

आपल्या ग्रामदेवतेच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे कार्य सर्व गावकरी, बारा-पाचाचे मानकरी आणि मुंबईकर चाकरमानी मंडळी यांच्या सहकार्याने सिद्धीस गेले, ही आपणा सर्वांस अत्यंत आनंदाची व अभिमानाची गोष्ट होय. या मंगलप्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत इतिहासावर काही लिहावे अशी समितीने सूचना केली. प्रस्तुत लेखक इतिहासाचा पंडित नव्हे. शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन तालुका कचेरीत कारकुनी करीत आलेला मी एक सामान्य माणूस. माझा रोजचा संबंध सातबारा, फेरफार आणि जुनी दप्तरे यांच्याशी. परंतु जमिनीचे कागद हाताळता हाताळता एक गोष्ट मनात पक्की झाली. ती ही की, गावाचा इतिहास देवळाशिवाय सांगता येत नाही आणि देवळाचा इतिहास जमिनीशिवाय सांगता येत नाही. याच दृष्टीने शेजारच्या गोमंतकातील देवस्थानांची हकीकत येथे थोडक्यात देत आहे.

आपल्या दक्षिण कोकणातील कितीतरी घराण्यांची कुलदैवते तेरेखोल नदीपलीकडे गोव्यात आहेत. घरात मंगलकार्य झाले की नवदांपत्यास घेऊन मंगेशी, कवळे, म्हार्दोळ, रामनाथी येथे जाण्याची आपली चाल आहे. तेथे अभिषेक होतो, ओटी भरली जाते, प्रसाद घेऊन मंडळी परत येतात. परंतु ज्या जागी आपण मस्तक टेकवतो ती त्या देवाची मूळ जागा नव्हे, हे तरुण पिढीपैकी फारच थोड्यांस ठाऊक असते. हे देव आपले गाव सोडून तेथे आलेले आहेत. ते का आले, कोणी आणले आणि आल्यावर पुन्हा कसे उभे राहिले, हे जीर्णोद्धाराच्या प्रसंगी जाणून घेणे उचित होईल.

गावकर म्हणजे कोण?

गोव्यातील गावांची जुनी व्यवस्था गावकीची होती. ज्यांनी प्रथम रान तोडले, खाडीच्या खाऱ्या पाण्यास बांध घालून खाजण जमीन लागवडीस आणली, गाव वसवला, ते गावकर. त्यांच्या मूळ घराण्यांस वांगड म्हणत. जमीन एकट्याची नव्हे, तर गावकीची. ती दरवर्षी वा ठराविक मुदतीने लिलावाने कसावयास दिली जाई. आलेल्या उत्पन्नातून राजाचा सारा भरावयाचा, बांधबंदिस्ती करावयाची, देवळाचा खर्च चालवावयाचा आणि उरलेले गावकरांनी वाटून घ्यावयाचे, अशी रीत होती.

या व्यवस्थेत देऊळ मध्यभागी होते. पुजारी, वाजंत्री, कलावंत, सुतार, लोहार, न्हावी, परीट या सर्वांस देवाच्या व गावाच्या सेवेबद्दल बिनसाऱ्याच्या जमिनी तोडून दिलेल्या असत. गावकीची सभा भरे ती देवळापाशी. तंटा तुटे तो देवासमोर. मान कोणाचा पहिला, पालखीला खांदा कोणाचा, हे सर्व ठरलेले असे. आपल्या गावघराच्या रीतीशी हे किती मिळते-जुळते आहे, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

पोर्तुगीज अंमल आल्यावर महसुलाचा अधिकारी अफोंसो मेशिया याने इ.स. १५२६ साली तिसवाडीतील गावकऱ्यांच्या या चालीरीती विचारून घेऊन लिहून काढल्या. त्या दस्तास 'फोराल' म्हणतात. आम्हा कचेरीतील लोकांच्या भाषेत सांगावयाचे तर हे गोव्याच्या गावकीचे पहिले हक्कनोंदणीचे पत्रक होय. गावकर हेच गावाचे मूळ वसवणारे, हे त्यात परक्या सरकारने आपल्या हाताने लिहून ठेवले आहे. म्हणजे पुढे जे घडले ते अज्ञानामुळे घडले असे म्हणता येत नाही. कोणाचे काय आहे, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

अंमल बदलला

गोव्यावर परकी सत्ता पोर्तुगीजांच्या आधी आली नव्हती असे नाही. दिवाडी बेटावरील श्रीसप्तकोटेश्वर हे कदंब राजांचे आराध्यदैवत. बहामनी स्वाऱ्यांत ते देऊळ पडले आणि पुढे विजयनगरच्या राज्यात माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले. नंतर विजापूरकर आदिलशहाचा अंमल आला. त्याच्या कारभारास कंटाळलेल्या काही लोकांनी होनावरच्या तिमय्याच्या मार्फत पोर्तुगीजांस बोलावले. अफोंसो द अल्बुकर्क याने इ.स. १५१० च्या आरंभी गोवा घेतले, आदिलशहाने ते परत जिंकले, आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी अल्बुकर्कने ते कायमचे हस्तगत केले. बार्देश व साष्टी हे प्रांत १५४३ साली त्यांच्याकडे गेले. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी मिळून जो मुलूख झाला त्यास पुढे 'जुन्या काबिजादी' हे नाव पडले.

पहिली तीस वर्षे लोकांच्या धर्मास फारसा धक्का लागला नाही. सारा देणारे तेच, देऊळही तेच. धनी बदलला, गाव चालूच आहे, अशी लोकांची समजूत झाली असावी. राज्ये येतात आणि जातात, हे आपल्या लोकांनी पाहिलेलेच होते. परंतु या वेळचा धनी नुसता सारा घेऊन थांबणारा नव्हता. त्याच्या राजाने आपल्या नव्या मुलखात आपला धर्म पसरविण्याचे काम पत्करले होते.

हुकूम, जप्ती आणि जाळपोळ

इ.स. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली. सप्तकोटेश्वराचे देऊळ दुसऱ्यांदा पडले ते याच वेळी. पुढच्याच वर्षी, म्हणजे १५४१ साली, पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या प्रार्थनामंदिरांकडे व पाद्र्यांच्या शिक्षणसंस्थेकडे लावून देण्यास गावकरांची संमती घेण्यात आली. ही संमती कोणत्या परिस्थितीत दिली गेली असेल, ते सांगावयास नको. जुनी दप्तरे चाळणाऱ्यास ठाऊक असते की कागदावर 'राजीखुशीने' असे लिहिलेले असले तरी मागे खुशी असतेच असे नाही.

माझ्या मते गोव्यातील देवस्थानांवरचा खरा घाव हाच. भिंत पाडली तर ती पुन्हा बांधता येते. परंतु दिवाबत्तीची जमीन गेली की पुजाऱ्याचे पोट गेले, वाजंत्र्याचे गेले, उत्सव गेला, उत्सवाबरोबर सभा गेली आणि सभेबरोबर गावकीचा आवाज गेला.

६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस झेवियर हा येशूसंघाचा धर्मगुरू गोव्यास उतरला. स्पेनच्या नावारे प्रांतातील एका सरदार घराण्यात १५०६ साली त्याचा जन्म झाला होता. रुग्णालयातील आजाऱ्यांची शुश्रूषा करणारा, रस्त्याने घंटी वाजवीत मुलांस गोळा करून शिकविणारा, स्वतः फाटक्या कपड्यात राहणारा असे त्याचे वर्णन आहे, आणि त्यात खोटे काही नसावे. तो गोव्यात फार राहिला नाही. मच्छीमारांचा किनारा, मलाक्का, जपान असा फिरत फिरत चीनच्या दाराशी एका बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी तो वारला. परंतु याच झेवियरने १५४६ साली पोर्तुगालच्या राजास पत्र लिहून गोव्यात धर्मन्यायालय स्थापन करावे अशी मागणी केली होती. अंगी त्याग असला म्हणजे दुसऱ्याच्या श्रद्धेविषयी आदर असतोच असे नाही, हे या थोर पुरुषाच्या चरित्रावरून दिसते. त्याच्या मृत्यूनंतर १५६० साली ते न्यायालय, म्हणजेच 'इन्क्विझिशन', गोव्यात आले. मधली थोडी वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालू राहिले.

हुकूम एकामागून एक निघू लागले. पोरक्या हिंदू मुलांस ताब्यात घेऊन सेंट पॉल कॉलेजात ठेवावे, असा हुकूम १५५९ सालचा. ब्राह्मणांस हद्दपार करण्याचे हुकूम निघाले. गावकीच्या सभेत ख्रिस्ती झालेल्यांस वरचे स्थान आणि इतरांस खालचे, अशी व्यवस्था झाली. साष्टीत रायतूरच्या किल्ल्याचा कप्तान दियोगु रोद्रिगिश याने १५६७ च्या सुमारास गावोगावची देवळे जाळली. पोर्तुगीजांच्याच बखरींत साष्टीतील २८० देवळांचा आकडा दिलेला आहे. या कप्तानाच्या थडग्यावरील लेखात देवळे पाडल्याचा उल्लेख गौरव म्हणून कोरलेला आहे.

अंधारातील प्रवास

आता गावकरांपुढे दोनच वाटा उरल्या. गावात राहावयाचे तर धर्म बदलावयाचा. धर्म राखावयाचा तर वाडवडिलांनी बांध घालून केलेली जमीन सोडावयाची. शेतकऱ्यास यापरते मोठे संकट कोणते असेल? अनेक घरांत असे झाले की एक भाऊ जमिनीसाठी मागे राहिला आणि दुसऱ्याने देव उचलून नदी ओलांडली. त्यामुळेच गोव्यात आजही ख्रिस्ती आणि हिंदू अशा दोन्ही घरांत एकाच वांगडाची आठवण सापडते. जो राहिला तो भ्याड आणि जो गेला तो शूर, असा निवाडा आज पंख्याखाली बसून करणे योग्य नव्हे. एकाने जमीन राखली, दुसऱ्याने देव राखला.

कुशस्थळी म्हणजे आजची कुठ्ठाळी. तेथील श्रीमंगेशाचे लिंग १५६० साली जुवारी नदीपार प्रियोळ येथे नेण्यात आले. तीच आजची मंगेशी. केळोशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास गेली. वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा श्रीरामनाथ बांदिवड्यास, कोलव्याची श्रीमहालक्ष्मीही बांदिवड्यास, रायची श्रीकामाक्षी शिरोड्यास, मडगावचा श्रीदामोदर जांबावलीस आणि चोडणचा श्रीदेवकीकृष्ण माशेलास स्थायिक झाला. केळोशी-कुशस्थळीकडील मठाचा विध्वंस झाल्यावर गौडपादाचार्य परंपरेचे स्वामी काशीस जाऊन राहिले. अशा रीतीने देव नदीपार आणि गुरू गंगातीरी अशी अवस्था झाली.

हा प्रवास बहुधा रात्रीचा, होडीतून, मशाल न पेटवता झाला, असे पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. पुष्कळ ठिकाणी देवाबरोबर पुजाऱ्याखेरीज सेवेकरी, वाजंत्री, भोई हेही गेले. म्हणजे गेली ती नुसती मूर्ती नव्हे, गावकीच गेली. नवल असे की ज्या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, हे देव आश्रयास गेले तेथे त्या वेळी विजापूरच्या आदिलशहाचा अंमल होता. ज्याच्या जाचाला कंटाळून लोकांनी परक्यास बोलावले होते, त्याच्याच मुलखात शेवटी देवांस आसरा मिळाला. इतिहास आपल्या सोयीच्या सरळ रेषेत चालत नाही, तो असा.

कुंकळ्ळीचे गावकर आणि रुदोल्फ पाद्री

सर्वच गावे मुकाट्याने नमली असे नाही. साष्टीच्या दक्षिण टोकास कुंकळ्ळी हे मोठे व सधन गाव. त्याच्यासह वेरोडे, असोळणे, वेळ्ळी आणि आंबेली या गावांनी सारा देण्याचे नाकारले. सैन्याने येऊन देवळे जाळावीत, सैन्य गेले की गावकरांनी ती पुन्हा उभारावीत, असा क्रम चालला. या लोकांचा जीर्णोद्धार असा तलवारीच्या छायेत होत असे.

याच वेळी साष्टीच्या पाद्र्यांचा प्रमुख म्हणून रुदोल्फ आक्वाव्हिव्हा याची नेमणूक झाली. हा इटलीतील आत्रीच्या ड्यूकचा मुलगा, जन्म १५५० चा. त्याचा चुलता पुढे येशूसंघाचा मुख्याधिकारी झाला. १५८० साली तो फत्तेपूर शिक्रीस अकबर बादशहाच्या दरबारी गेला. तेथे निरनिराळ्या धर्मांच्या पंडितांचे वादविवाद चालत आणि बादशहा स्वतः ऐकावयास बसे. रुदोल्फाने तेथे तीन वर्षे काढली. बादशहाने धर्म बदलला नाही, पण या पाद्र्याचा मान राखला. १५८३ साली तो गोव्यास परत आला.

जुलै १५८३ मध्ये रुदोल्फ चार सहकाऱ्यांसह कुंकळ्ळीस आला. क्रूस उभारण्यासाठी व चर्च बांधण्यासाठी जागा पाहावी, हा हेतू. त्याच्या सोबत्यांत पेद्रो बेर्नो हा पाद्री होता. देवळे जाळणाऱ्या सैन्याबरोबर तो पूर्वी या गावात येऊन गेलेला होता. गावकर हत्यारे घेऊन धावून आले. ते पाचही जण आणि त्यांच्याबरोबरची काही माणसे ठार झाली आणि त्यांची प्रेते विहिरीत टाकण्यात आली. रुदोल्फाचे वय त्या वेळी बत्तीस. तो मनाने सौम्य होता असे सर्व सांगतात. परंतु गावकरांनी सौम्य माणूस पाहिला नाही. त्यांनी त्याच्या मागे उभे असलेले सैन्य, जळके देऊळ आणि जप्तीचा हुकूम पाहिला. निःशस्त्र धर्मगुरूंची हत्या आपण पुण्यकर्म मानू शकत नाही, पण ती कशातून झाली हे विसरणेही न्यायाचे नव्हे.

पुढे सरकारने जे केले ते त्याहून काळे. बोलणी करण्याच्या निमित्ताने गावांच्या सोळा प्रमुखांस असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि चौकशी न करता त्यांस मारून टाकले. एक जण तेवढा नदीत उडी टाकून निसटला. गावांची गावकी बुडविण्यात आली व जमिनी जप्त करून परक्यांस देण्यात आल्या. रोमच्या पोपने त्या पाच जणांस १८९३ साली 'धन्य' ही पदवी दिली. सोळा गावकरांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे राहण्यास मात्र २००३ साल उजाडावे लागले.

कुंकळ्ळीकरांनी आपली श्रीशांतादुर्गा पोर्तुगीज हद्दीबाहेर फातर्प्यास नेली होती. ती तेथे 'शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण' म्हणूनच ओळखली जाते. गाव सुटले, पण गावाचे नाव देवीने सोडले नाही. दरवर्षी फाल्गुन महिन्यात बारा वांगडांच्या बारा छत्र्या घेऊन, गुलाल उधळीत, लोक फातर्प्याहून कुंकळ्ळीस मूळ जागी येतात. या उत्सवात ख्रिस्ती गावकरही सहभागी होतात. चार शतके धर्म वेगळा झाला, तरी छत्रीचा मान कोणाचा हे विसरले गेले नाही.

स्टीफन्स पाद्र्याचे मराठी पुराण

याच साष्टीत आणखी एक धर्मगुरू राहत होता, त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. हा इंग्लंडचा. जन्म १५४९ चा, गोव्यात आगमन ऑक्टोबर १५७९ मध्ये. कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या पाद्र्यांची प्रेते मिळवून त्यांचे दफन करण्यात त्याचा पुढाकार होता. ज्याचे सोबती असे मारले गेले, त्याच्या मनात या लोकांविषयी कायमचा राग राहिला असता तर कोणास नवल वाटले नसते. परंतु त्याने येथील भाषेचा अभ्यास धरला. चाळीस वर्षे गोव्यात राहून १६१९ साली तो तेथेच वारला.

नवे ख्रिस्ती झालेले लोक जुन्या पोथ्यांस पारखे झाले होते. पुराण ऐकण्याची सवय मात्र पिढ्यान् पिढ्यांची. आम्हांस ऐकण्यासारखे मराठीत काहीतरी द्या, ही त्यांची मागणी होती. त्यावरून स्टीफन्सने ओवीछंदात सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापले. त्यात त्याने मराठी भाषेची जी स्तुती केली आहे ती आज शाळेच्या पुस्तकांतून आपल्या मुलांस परिचित आहे. १९५६ साली प्रा. शांताराम बंडेलू यांनी हा ग्रंथ नागरी लिपीत प्रसिद्ध केला.

एका हाताने पोथ्या जाळल्या जात होत्या आणि दुसऱ्या हाताने त्याच पोथ्यांच्या वळणाने नवे पुराण लिहिले जात होते, असा हा विचित्र काळ. केळोशीच्या कृष्णदास शामा याने १५२६ साली 'श्रीकृष्णचरित्रकथा' ओव्यांत लिहावयास घेतली. त्या काळच्या रामायण-महाभारताच्या कोंकणी कथा पाद्र्यांनी अभ्यासासाठी रोमन लिपीत उतरवून घेतल्या. मूळ पोथ्या गेल्या, पण त्या नकला पोर्तुगालमधील ब्रागा शहरच्या ग्रंथालयात राहिल्या. आपला ठेवा परक्याच्या दप्तरात सापडावा, हे दुर्दैव म्हणावे की सुदैव, हे ज्याचे त्याने ठरवावे. पुढे १६८४ साली तर लोकांनी तीन वर्षांत आपली बोलीच टाकून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम निघाला. हुकूम कागदावर राहिला आणि बोली लोकांच्या तोंडी.

पुन्हा उभारणी

आता जीर्णोद्धाराची हकीकत. सप्तकोटेश्वराचे लिंग भाविकांनी दिवाडीहून नदीपलीकडे डिचोली भागात नार्वे येथे नेले होते. श्री छत्रपती शिवाजी महाराज या भागात आले असता त्यांनी १६६८ साली तेथे मंदिराचा जीर्णोद्धार करविला. तसा शिलालेख मंदिरावर आहे. स्वराज्याचा मोठा व्याप शिरावर असताना, पोर्तुगीज हद्दीच्या उंबरठ्यावर, महाराजांनी हे देवस्थान उभे केले, हे आपण ध्यानात ठेवावे. अलीकडे गोवा शासनाने त्या मंदिराचे जतनाचे काम करून २०२३ साली ते भाविकांस पुन्हा खुले केले. दिवाडीवर पडलेले देऊळ अशा रीतीने आजही नांदते आहे.

छत्रपती संभाजी महाराजांनी १६८३ साली गोव्यावर चाल केली तेव्हा व्हाइसरॉय इतका हवालदिल झाला की त्याने झेवियरची शवपेटी उघडवून आपला राजदंड त्याच्या हाती ठेवला आणि गोव्याचे रक्षण तूच कर, अशी प्रार्थना केली. संकटकाळी सत्ताधीशही शेवटी देवाच्याच दारी जातो. मागून मोगल फौजा आल्यामुळे महाराजांस माघारी जावे लागले, हे सर्वश्रुत आहे. बोलीबंदीचा उपरोक्त हुकूम काढणारा व्हाइसरॉय तो हाच.

कवळ्याचे श्रीशांतादुर्गेचे आजचे भव्य मंदिर अठराव्या शतकात उभे राहिले ते शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या प्रयत्नाने. हे नारोराम मूळचे आपल्या वेंगुर्ले तालुक्यातील कोचऱ्याचे. साताऱ्यास मंत्रिपद मिळाले तरी त्यांनी कुलदेवतेस अंतर दिले नाही. मुंबईस किंवा परदेशी राहून गावच्या देवळास देणगी पाठविणाऱ्या आपल्या बंधूंनी नारोरामांस आपला पूर्वसूरी मानावयास हरकत नाही. मंगेशी गाव देवस्थानास १७३९ साली इनाम मिळाला तो पेशव्यांचे सरदार रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या सूचनेवरून.

फोंडा महाल १७६३ साली पोर्तुगीजांकडे गेला. नंतरच्या या मुलखास 'नव्या काबिजादी' म्हणतात. परंतु दोनशे वर्षांत त्यांचेही बळ व मत बदलले होते. येथील लोकांच्या धर्मास हात लावणार नाही असे त्यांना कबूल करावे लागले, आणि देवळे राहिली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा ही देवस्थाने आपल्या महाजनांसह उभी होती.

या मंदिरांची बांधणी पाहिली तर तीत घुमट आहे, दीपमाळ आहे आणि चर्चच्या धर्तीच्या कमानी-खिडक्याही आहेत. कारागिराने जे चांगले पाहिले ते घेतले. देऊळ कोणत्या धाटणीचे यापेक्षा ते कोणाच्या एकोप्यावर उभे आहे, यास महत्त्व अधिक.

आपण काय घ्यावे?

या सर्व हकीकतीचे तात्पर्य माझ्या अल्पमतीप्रमाणे असे की, देऊळ म्हणजे गावकी. जेथे दगड राहिला आणि गावकी मोडली तेथे देऊळ ओस पडले. जेथे दगड पडला आणि गावकी टिकली तेथे देऊळ पुन्हा उभे राहिले, मग ते नदीच्या पलीकडे का असेना. आज आपल्यावर कोणी परका चाल करून येत नाही. आपली गावकी मोडते ती मानापानाच्या तंट्याने, कोर्टातील दाव्यांनी आणि उत्सवापुरतेही गावी न येण्याने. लाखो रुपये खर्चून बांधलेल्या देवळास कुलूप लागलेले गाव आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ते कुलूप कोणा कप्तानाने घातलेले नसते.

दुसरे असे की, देवस्थानच्या कागदांची काळजी घ्यावी. देवाच्या जमिनीचे उतारे, जुन्या सनदा, मानकऱ्यांच्या याद्या, उत्सवाच्या रीती हे सर्व एके ठिकाणी लिहून, नकला काढून ठेवावे. गावच्या वृद्ध मंडळींस विचारून ज्या चाली तोंडी आहेत त्या वहीत उतराव्यात. गोव्याच्या गावकरांचे हक्क १५२६ साली लिहिले गेले म्हणून आज आपण त्यांविषयी बोलू शकतो. दुर्दैव इतकेच की ते लिहिले परक्याने. आपले आपण लिहावे.

तिसरे असे की, आपल्या पंचक्रोशीत ख्रिस्ती कुटुंबे आहेत. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज या इतिहासातून गेलेले आहेत. चारशे वर्षांपूर्वीच्या व्हाइसरॉयचा हिशेब आजच्या शेजाऱ्याकडे मागावयाचा नसतो. कुंकळ्ळीच्या बारा छत्र्यांखाली जे चालू शकतात, ते आपल्या गावच्या वाटेवरही एकत्र चालू शकतात.

आपल्या नव्या मंदिराच्या भिंतीवर देणगीदारांची नावे संगमरवरात कोरली आहेत, ती योग्यच आहेत. परंतु अंधाऱ्या रात्री देव होडीत घालून ज्यांनी नदी ओलांडली, त्या भोयांची, पुजाऱ्यांची आणि तांडेलांची नावे कोठेच कोरलेली नाहीत. नव्या गाभाऱ्यात पहिला दिवा लागेल तेव्हा एक क्षण त्यांचेही स्मरण करावे, अशी वाचकांस विनंती आहे.

श्रीग्रामदेवता आपल्या सर्वांस सुबुद्धी देवो, गावात एकोपा नांदो, आणि हे देऊळ पिढ्यान् पिढ्या माणसांनी गजबजलेले राहो, अशी देवीच्या चरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.